सॅक्रामेंटोत बास्केटबॉलचा सामना पाहायला जाताना: प्रेक्षकाचं काम काय असतं?

"अगं, हे घड्याळ सारखं थांबतंय कशाला?"

सामना सुरू होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती आणि बाबांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. बाबा निवृत्त शिक्षक. संगमनेर तालुक्यातल्या शाळांमध्ये पंचवीस वर्षं कबड्डीच्या सामन्यांना पंच म्हणून उभे राहिलेले. मैदानात काही घडलं की त्यांना आधी नियम कळायला हवा, टाळ्या नंतर. मागच्या हिवाळ्यात ते आणि आई सॅक्रामेंटोजवळच्या फॉल्समला आमच्याकडे आले होते, तेव्हा एका मंगळवारी संध्याकाळी मी त्यांना सॅक्रामेंटो किंग्जचा सामना दाखवायला डाउनटाउनला नेलं. अडीच तास मी त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत होते आणि देता देता माझ्या लक्षात आलं, की इथे दहा-दहा वर्षं राहिलेल्या आपल्या कितीतरी मंडळींनाही हेच प्रश्न पडत असणार. कुणी विचारत नाही एवढंच. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

सुरुवातीलाच एक मान्य करते. नुसता खेळ बघायचा असेल तर टीव्हीवर तो जास्त स्पष्ट दिसतो. कॅमेरा चेंडूच्या मागे फिरतो, प्रत्येक बास्केट चार बाजूंनी पुन्हा दाखवतात, शिवाय समजावून सांगायला समालोचक असतो. मग थंडीत, पैसे मोजून, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहून तिथे जायचं कशासाठी? मला सापडलेलं उत्तर असं: या खेळात प्रेक्षकाला काम असतं. आज ज्या नियमांनी बास्केटबॉल खेळला जातो त्यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम प्रेक्षक कंटाळून उठून जायला लागले म्हणून आला. आणि सॅक्रामेंटोच्या बाबतीत तर संघ या शहरात आहे तोच प्रेक्षकांमुळे.

आधी तिकिटाचं सांगते, कारण पहिली अडचण तिथेच येते. एनबीएच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो, त्यातले ४१ घरच्या मैदानावर. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत हे चालतं. या ४१ सामन्यांचा भाव एकसारखा नसतो. लेकर्स किंवा वॉरियर्ससारखे नावाजलेले संघ येणार असतील, शनिवार असेल, तर त्याच खुर्चीला कितीतरी पट पैसे पडतात. मंगळवारी-बुधवारी एखादा तळातला संघ आला असेल तर चौघांचं कुटुंब फार खिसा न हलवता जाऊन येतं. विमानाच्या तिकिटासारखंच आहे हे: मागणी चढली की भाव चढतो, उतरली की उतरतो. शिवाय पूर्ण हंगामाची तिकिटं घेणाऱ्या लोकांना ४१ वेळा येणं जमत नाही, ते आपली तिकिटं पुन्हा विकायला काढतात. त्यामुळे पहिल्यांदाच जाणाऱ्याने घाई करू नये. नावाजलेला प्रतिस्पर्धी नको, आठवड्याच्या मधला वार बघा, आणि दोन-तीन दिवस भावावर लक्ष ठेवा. पूर्वी तिकीट निवडून झाल्यावर शेवटच्या पानावर वरचे आकार दिसायचे आणि एकदम रक्कम फुगायची. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ पासून कायद्यानेच ते बंद झालं. सगळे सक्तीचे आकार धरूनच किंमत दाखवावी लागते.

तिकीट फोनवरच येतं. घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी पोहोचणार असतील तर ज्याचं तिकीट त्याच्या फोनवर आधीच पाठवून ठेवा, दाराशी गर्दीत उभं राहून ते करणं जिकिरीचं होतं.

कुठे बसावं? खालच्या मजल्यावरच्या खुर्च्यांच्या विभागांना शंभरचे आकडे, वरच्यांना दोनशेचे. कोर्टाला अगदी खेटून ठेवलेल्या खुर्च्यांची किंमत ऐकून बाबांनी हात जोडले होते. माझं मत असं की पहिल्या वेळी वरच्या मजल्यावर बसावं, पण कोर्टाच्या लांब बाजूला, मध्याच्या जवळपास. तिथून दहाही खेळाडू एका नजरेत येतात. एक जण चेंडू घेऊन उभा असताना बाकीचे चौघं कशी जागा बदलतात, कुणासाठी वाट मोकळी करतात, हे वरूनच कळतं. टीव्हीचा कॅमेरा हे फारसं दाखवत नाही. खाली बसलात तर वेगळंच काही मिळतं. एकदा एका मैत्रिणीकडची जास्तीची तिकिटं मिळाली म्हणून मी खालच्या आठव्या रांगेत बसले होते. लाकडी फरशीवर बुटांचा चर्रकन आवाज, खेळाडू एकमेकांना ओरडून देत असलेल्या सूचना, आणि सात फुटी माणूस पळत येऊन थांबतो तेव्हा त्याच्या अंगावरून उडणारा घाम. इतकी मोठी शरीरं इतक्या चपळाईने वळताना जवळून पाहिली आणि हा खेळ किती दमछाकीचा आहे ते पहिल्यांदा समजलं.

जायचं कसं, हा पुढचा प्रश्न. फॉल्समहून आम्ही लाइट रेलची गोल्ड लाइन पकडतो. साधारण तासाभराचा प्रवास, आणि उतरल्यावर के स्ट्रीटवरून पाच मिनिटं चालणं. सॅन होजे, फ्रीमाँट, बर्कलेकडून येणाऱ्यांना ॲमट्रॅकची कॅपिटल कॉरिडॉर गाडी आहे, तिच्या स्टेशनापासूनही पायी जाता येतं. फक्त परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ निघण्याआधी बघून ठेवा. सामना लांबला तर गाडी थांबत नाही. मोटारीने आलात तर आसपास पार्किंगच्या इमारती भरपूर आहेत, पण सामन्याच्या रात्री भाव वाढलेले असतात आणि बाहेर पडायला अर्धा तास सहज जातो.

या पायी चालण्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण डाउनटाउनमधल्या सामन्याची खरी गंमत त्यात आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांचे डाउनटाउन म्हणजे कचेऱ्यांचे भाग. संध्याकाळी पाच वाजले की माणसं आपापल्या उपनगरात परततात आणि रस्ते ओस पडतात. सॅक्रामेंटो तर राज्याची राजधानी, म्हणजे सगळी सरकारी कार्यालयं. पूर्वी किंग्जचं मैदान डाउनटाउनमध्ये नव्हतंच. १९८८ पासून ते उत्तरेला नॅटोमास भागात होतं, चहूबाजूंनी मोटारी लावायची मोकळी जागा आणि त्यापलीकडे शेतं. लोक गाडीत बसून यायचे, सामना बघायचे, गाडीत बसून जायचे. शहराचा आणि सामन्याचा काही संबंध नसे. आता सामन्याच्या दिवशी के स्ट्रीटवर पाच-साडेपाचपासूनच किंग्जचे जांभळे शर्ट दिसू लागतात. आजोबा-नातू, कॉलेजची पोरं, ऑफिसातून थेट आलेले, गळ्यात सरकारी ओळखपत्र तसंच लटकत असलेले लोक. अनोळखी माणसं चालता चालता एकमेकांना विचारतात, आज अमका खेळणार आहे का, त्याचा घोटा बरा झाला का.

हे मैदान, गोल्डन वन सेंटर, २०१६ साली उघडलं. एक जुना, उतरती कळा लागलेला मॉल पाडून त्या जागी ते उभं केलं. पण त्यामागची गोष्ट कळल्याशिवाय इथल्या लोकांचा जीव या संघात इतका का अडकलाय ते समजत नाही.

आपल्याकडे शहराचा संघ म्हणजे तो त्या शहराचाच, असं आपण गृहीत धरतो. इथे संघ ही मालकाची मालमत्ता. लीगने परवानगी दिली तर मालक तो उचलून दुसऱ्या गावी नेऊ शकतो. किंग्जचंच बघा. हा संघ मूळचा न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा. तिथे तो रॉयल्स म्हणून खेळायचा आणि १९५१ साली अजिंक्य ठरला. पुढे सिनसिनाटी, मग कॅन्सस सिटी, आणि १९८५ मध्ये सॅक्रामेंटो. त्यानंतर २०१३ मध्ये चौथ्यांदा बिऱ्हाड हलवायची वेळ आली. तेव्हाच्या मालकांनी संघ सिॲटलच्या एका गटाला विकायचा करार केला. सिॲटलने स्वतःचा संघ २००८ साली ओक्लाहोमा सिटीला गमावला होता, त्यामुळे त्यांचंही दुःख खरं होतं. सॅक्रामेंटोचे तेव्हाचे महापौर केव्हिन जॉन्सन, स्वतः एनबीएमध्ये नाव काढलेले खेळाडू, इरेला पेटले. चाहत्यांनी मोहिमा चालवल्या, नगर परिषदेच्या बैठका भरून टाकल्या. मे २०१३ मध्ये सगळ्या संघमालकांनी मत दिलं: २२ विरुद्ध ८, संघ हलवायचा नाही.

आणि मग संघ विकत घेणाऱ्या गटाचं नेतृत्व कुणी केलं? विवेक रणदिवे यांनी. मुंबईत जन्मलेले, जुहूला वाढलेले, एमआयटीत शिकायला म्हणून अमेरिकेत आलेले आणि पुढे सॉफ्टवेअर कंपनी काढणारे. एनबीए संघाची सूत्रं हाती घेणारे ते पहिले भारतीय वंशाचे मालक. बाबांना आडनाव सांगितल्यावर त्यांनी लगेच "आपले रणदिवे?" असं विचारलं आणि पुढचा अर्धा क्वार्टर त्यांचं लक्ष खेळापेक्षा मालक कुठे बसलेत हे शोधण्यातच होतं.

एक अट मात्र होती: शहरात नवं मैदान बांधायचं. खर्च साधारण ५५ कोटी डॉलरच्या घरात गेला आणि त्यातला सुमारे २५.५ कोटी डॉलरचा भार शहराने उचलायचं ठरलं. पार्किंगच्या उत्पन्नाच्या भरवशावर कर्जरोखे काढून. यावर गावात कडाक्याचं भांडण झालं. श्रीमंत मालकाच्या मैदानाला जनतेचा पैसा का, आणि द्यायचाच तर जनतेचं मत का घेत नाही, असं विचारणारे बरेच होते. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि आजही आहे. मला मैदान आवडतं, तिथे जाणंही आवडतं, तरी शाळा, रस्ते आणि बेघरांचा प्रश्न असलेल्या शहराने एवढी रक्कम तिकडे वळवली हे विसरून चालत नाही. के स्ट्रीटवरून मैदानाकडे जाताना बेघर माणसांच्या शेजारूनच जावं लागतं.

दाराशी पोहोचलात की समोर एक उंच, चकचकीत, रंगीबेरंगी धातूचं शिल्प दिसतं. जेफ कून्स यांचं, १८ फूट उंच, किंमत ८० लाख डॉलर. बाबांनी त्याला तीन बाजूंनी न्याहाळलं आणि काही बोलले नाहीत. त्यापुढे प्रवेशाची भिंत, आणि तिची गंमत अशी की विमानांच्या हँगरला असतात तसे पाच प्रचंड दरवाजे तिच्यात बसवलेत. हवा चांगली असली की ते उघडतात. मग बाहेरचा चौक आणि आतलं मैदान एकच होऊन जातं. सॅक्रामेंटोत दिवसा कितीही तापलं तरी संध्याकाळी समुद्राकडून, नद्यांच्या मुखाच्या प्रदेशावरून गार वारा येतो. इथले लोक त्याला डेल्टा ब्रीझ म्हणतात. इमारत थंड ठेवायला त्याचाही उपयोग करून घेतला आहे. आतली गार हवा छतावरून सोडण्याऐवजी खुर्च्यांच्या खालून हळूहळू सोडतात, म्हणजे जिथे माणूस बसलाय तिथेच ती लागते आणि सगळा वरचा पोकळ भाग थंड करायची गरज उरत नाही. वीज सौरऊर्जेची. काही छतावरची, बाकीची शहराबाहेरच्या रँचो सेको इथल्या सौरप्रकल्पातून. तिथे पूर्वी अणुवीज केंद्र होतं.

आत शिरल्यावर पहिल्या क्षणी जरा गोंधळायला होतं, कारण तुम्ही रस्त्याच्या पातळीवरूनच आलात तरी कोर्ट खूप खाली दिसतं. विहिरीच्या काठावर उभं राहून आत बघावं तसं. साडेसतरा हजार खुर्च्या त्या विहिरीच्या पायऱ्यांवर. बाबा काठावर दोन मिनिटं नुसते उभे राहिले. "उजेड बघ किती आहे," एवढंच म्हणाले.

खाण्याचं थोडक्यात: बाहेरचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत, मोठी पिशवीही नाही, आणि रोख पैसे चालत नाहीत. आसपासच्या दीडशे मैलांतल्या शेतांतून आणि उत्पादकांकडून बहुतेक माल घ्यायचा असं इथलं धोरण आहे, त्यामुळे भाज्या आणि फळं चांगली असतात. आईबाबा शाकाहारी. त्यांचं पॉपकॉर्न आणि बटाट्यावर भागलं, पण खरं सांगायचं तर घरून पोटभर जेवून निघणं उत्तम.

निदान चाळीस मिनिटं आधी खुर्चीत बसा. खेळाडूंचा सराव बघण्यासारखा असतो. एकच माणूस एकाच जागेवरून वीस-पंचवीस वेळा चेंडू टाकतो, मग दोन पावलं सरकून पुन्हा तेच. मग राष्ट्रगीत, सगळे उभे. मग दिवे बंद, संगीत, आणि घरच्या संघातल्या पाच खेळाडूंची नावं एकेक करून गर्जत घेतली जातात.

आता बाबांच्या घड्याळाकडे येते.

एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा: १२ मिनिटांचे चार क्वार्टर. पण घरी जायला सव्वादोन-अडीच तास लागतात, कारण हे घड्याळ फक्त खेळ चालू असताना पळतं. चेंडू रेषेबाहेर गेला, थांबलं. फाउल, म्हणजे धक्काबुक्कीसारखा नियमभंग झाला, थांबलं. फाउलबद्दल मिळालेले फ्री थ्रो, म्हणजे कुणी आडवं न येता मारायचे फटके, चालू आहेत, थांबलेलंच. शिवाय प्रत्येक संघाला खेळ थांबवून घ्यायचे सात टाइमआउट मिळतात, सव्वा मिनिटाचा एकेक. बास्केट झाल्यावर मात्र घड्याळ एरवी थांबत नाही. पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या मिनिटात आणि चौथ्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत तेवढं थांबतं. म्हणूनच शेवटची दोन मिनिटं कधी कधी पंधरा मिनिटं चालतात.

दुसरं एक छोटं घड्याळ बास्केटच्या वर असतं, लाल आकड्यांचं, २४ पासून खाली मोजणारं. चेंडू हातात आला की २४ सेकंदांच्या आत तो बास्केटकडे मारलाच पाहिजे, आणि तो निदान रिंगला तरी लागला पाहिजे. नाही तर चेंडू समोरच्याला. हे सांगितल्याबरोबर बाबांचा चेहरा उजळला. "म्हणजे चढाईसारखंच!" अगदी तसंच. कबड्डीत चढाईला ३० सेकंद, इथे २४. नुसतं वेळ काढत उभं राहायची सोय नाही.

पण हा नियम पहिल्यापासून नव्हता. आणि इथे प्रेक्षक येतात. १९५०च्या सुमारास एखादा संघ पुढे गेला की चेंडू एकमेकांत फिरवत वेळ काढायचा, बास्केटकडे फिरकायचाच नाही. नोव्हेंबर १९५० मध्ये फोर्ट वेनने मिनिअपोलिसला १९ विरुद्ध १८ असं हरवलं. दोन्ही संघांचे मिळून ३७ गुण. त्यानंतर दीड महिन्याने, जानेवारी १९५१ मध्ये, किंग्जचेच पूर्वज, रॉचेस्टर रॉयल्स, इंडियानापोलिसशी खेळले. बरोबरी झाली म्हणून जादा वेळ दिला, पुन्हा बरोबरी, पुन्हा जादा वेळ, असे सहा वेळा. प्रत्येक जादा वेळात दोन्ही संघ चेंडू धरून शेवटच्या फटक्याची वाट बघत राहिले. लोक ओरडले, वैतागले, उठून घरी गेले. एनबीएच्या इतिहासातला आजवरचा सगळ्यात लांबलेला सामना तो, ७५ विरुद्ध ७३.

लोक यायचेच बंद होतील हे मालकांना कळलं. सिरॅक्यूजच्या संघाचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा हिशेब मांडला. जे सामने बघायला मजा येते त्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० फटके मारतात. ४८ मिनिटं म्हणजे २,८८० सेकंद. भागिले १२०. उत्तर २४. १९५४ च्या हंगामापासून हा नियम आला आणि एकाच वर्षात प्रत्येक संघाचे सरासरी गुण ७९ वरून ९३ वर गेले. आज तुम्ही खुर्चीत बसून जो वेगवान खेळ बघता तो त्या कंटाळून उठून गेलेल्या लोकांनी मिळवून दिलेला आहे, असं मला नेहमी वाटतं.

मग तुमचं काम काय? ओरडायचं, पण कधी ओरडायचं हे कळायला हवं. नवख्या माणसाला वाटतं आपल्या संघाकडे चेंडू आला की गोंगाट करावा. उलट आहे. आपला संघ चेंडू घेऊन येतो तेव्हा तुलनेने शांत राहायचं, कारण खेळाडूंना एकमेकांच्या सूचना ऐकू यायला हव्यात. चेंडू समोरच्याकडे गेला की "डिफेन्स! डिफेन्स!" चा गजर सुरू. त्यांनी ठरवलेली चाल त्यांना एकमेकांना सांगता येऊ नये, हा हेतू. त्या छोट्या घड्याळात दहा-बारा सेकंद उरले की आवाज चढत जातो, आणि २४ सेकंद संपून भोंगा वाजला तर साडेसतरा हजार लोकांना वाटतं हे आपण केलं. थोडंफार खरंही असतं ते. समोरचा खेळाडू फ्री थ्रो मारत असेल तर बास्केटच्या मागे बसलेले लोक हात हलवतात, आरडाओरडा करतात, त्याची नजर विचलित करायला. आपला खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला की चिडीचूप.

आवाजाच्या बाबतीत या गावचा लौकिक मोठा आहे. २०१३ च्या नोव्हेंबरात, संघ वाचल्यावर काही महिन्यांनीच, जुन्या मैदानात चाहत्यांनी १२६ डेसिबलची आरोळी ठोकून बंदिस्त मैदानातल्या गर्जनेचा तेव्हाचा गिनीज विक्रम केला. लहान मुलांना नेणार असाल तर कानांवर लावायची ती जाड संरक्षणं जरूर घ्या.

आणि घंटा. शतकाच्या सुरुवातीला किंग्ज आणि लेकर्स यांची हाडवैराची चुरस होती, तेव्हा लेकर्सचे प्रशिक्षक फिल जॅक्सन यांनी सॅक्रामेंटोला गावंढळ, गायीगुरांचं गाव म्हणून हिणवलं. लोकांनी काय करावं? गायीच्या गळ्यातल्या घंटा घेऊनच मैदानात आले आणि लेकर्सच्या कानाशी वाजवल्या. शिवी दागिन्यासारखी मिरवली. २००२ ची लेकर्सविरुद्धची प्लेऑफची (हंगामानंतर अजिंक्यपदासाठी होणाऱ्या फेरीची) मालिका किंग्ज सातव्या सामन्यात हरले आणि तिची सल अजून गेलेली नाही. त्या मालिकेचा सहावा सामना, त्यातले पंचांचे निर्णय आणि चौथ्या क्वार्टरमध्ये लेकर्सना मिळालेले २७ फ्री थ्रो, याबद्दल इथल्या कुठल्याही पन्नाशीच्या माणसाला विचारून बघा. रात्र पुरणार नाही. त्या घंटा २०२३ च्या प्लेऑफमध्ये पुन्हा दणाणल्या. आमच्या मागच्या रांगेतल्या एका आजोबांकडे तसलीच एक होती, जुनी, कडा झिजलेली. बाबा वळून वळून तिच्याकडे बघतात हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी ती बाबांच्या हातात दिली. बाबांनी ती आधी कानाशी धरली, हलकेच हलवली, आणि मला म्हणाले, "आपल्या तांबूच्या गळ्यात होती ना, तिचा आवाज याहून बारीक होता." मग समोरच्या संघाचा खेळाडू फ्री थ्रोला उभा राहिला तशी जोरात वाजवली. आईने कानांवर हात ठेवले.

मर्यादाही आहेत आणि त्या कडक आहेत. खेळाडूच्या घरच्यांवरून, रंगावरून कुणी काही बोललं तर बाहेर काढतात. कोर्टावर काहीही फेकणं म्हणजे फार मोठा गुन्हा. २००४ साली डेट्रॉइटजवळच्या सामन्यात एका प्रेक्षकाने खेळाडूवर पेयाचा पेला फेकला आणि खेळाडू-प्रेक्षकांची भयंकर हाणामारी झाली. त्यानंतरच लीगने प्रेक्षकांसाठी आचारसंहिता आणली. चौथ्या क्वार्टरमध्ये दारू विकत नाहीत तेही तेव्हापासून.

मुंबईकरांनी या मैदानी अनुभवाची चव एकदा घेतली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये किंग्ज आणि इंडियाना पेसर्स वरळीच्या एनएससीआय डोममध्ये दोन सामने खेळले, भारतातले एनबीएचे पहिलेच. दोन्ही पेसर्सनी जिंकले, पहिला तर जादा वेळेत १३२ विरुद्ध १३१ असा. त्या पहिल्या सामन्याला प्रेक्षक म्हणून होती ती हजारो शाळकरी मुलं. नागपाड्याच्या मैदानांवर पिढ्यान्‌पिढ्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुंबईला हा खेळ काही नवा नव्हता, नवा होता तो हा सगळा थाट.

पुन्हा त्या मंगळवारकडे. चौथ्या क्वार्टरमध्ये चार मिनिटं उरली असताना किंग्जचा एक खेळाडू मुसंडी मारून बास्केटकडे गेला, समोरचा आडवा आला, दोघंही कोसळले. शिट्टी. फाउल कुणाचा? नियम असा: आडवा येणारा जर आधीच जागेवर पाय रोवून उभा असेल, तर धडक मारणाऱ्याचा. तो अजून सरकत असेल, तर आडवा येणाऱ्याचा. आणि बास्केटच्या खाली चार फुटांचा एक अर्धगोल आखलेला असतो. त्याच्या आत उभं राहून धडकेचा फाउल मिळवता येत नाही. पंचांनी फाउल किंग्जच्या विरुद्ध दिला. प्रशिक्षकाने टाइमआउट घेऊन बोट गोल फिरवलं, म्हणजे या निर्णयाला आव्हान. प्रत्येक संघाला असं एक आव्हान देता येतं, ते बरोबर ठरलं तर आणखी एक. पंच पडद्यासमोर गेले. वरच्या प्रचंड पडद्यावर तोच क्षण संथ गतीने पुन्हा पुन्हा दिसू लागला आणि साडेसतरा हजार माणसं एकदम पंच झाली. बाबा उभे राहिले होते. "पाय बघ त्याचा, डावा पाय! हलतोय अजून!" आजूबाजूच्या कुणाला मराठी कळत नव्हतं, पण सगळे त्याच पायाकडे बोट दाखवत होते. निर्णय फिरला.

शेवटच्या मिनिटात मागे पडलेला संघ मुद्दाम फाउल करू लागला आणि बाबा पुन्हा बुचकळ्यात. यात डाव असा असतो: फाउल केला की घड्याळ थांबतं, समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात, पण त्यानंतर चेंडू आपल्याकडे येतो. दोन गुण देऊन वेळ विकत घ्यायचा. बहुतेक वेळा साधत नाही. त्या दिवशीही नाही साधलं.

किंग्ज जिंकले की कोर्टावर एक मोठं जांभळं बटण आणतात. २०२२ च्या हंगामापासूनची ही पद्धत. त्याआधी सलग सोळा हंगाम हा संघ प्लेऑफला पोहोचला नव्हता, एनबीएमधला सगळ्यात लांब दुष्काळ. त्याच हंगामात तो संपला. अख्खं मैदान ओरडतं, "लाइट द बीम!" खेळाडू बटण दाबतो आणि छतावरून जांभळ्या लेझरचा झोत सरळ आभाळात जातो. आत बसून तो दिसत नाही, त्यासाठी लगबगीने बाहेर यावं लागतं. चौकात सगळे माना वर करून उभे होते. ढग खाली होते, झोत त्यांच्यात शिरून तिथे जांभळा डाग पडला होता. आईने फोटो काढून लगेच संगमनेरला पाठवला. संघ दुसऱ्या गावी जिंकला तरी हा झोत सोडतात, हे मी सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, "मैदान रिकामं असलं तरी?" हो, तरीही. तेव्हा गावातली माणसं आपापल्या अंगणातून बघतात.

थांब्यावर गर्दी होती. जांभळ्या शर्टातल्या एका बाईने आईला जागा दिली. गाडी सुटली, दिवे मागे गेले, आणि फॉल्सम येईपर्यंत बाबा तळहातावर बोटाने अर्धगोल काढून तपासत होते, की त्या आडव्या आलेल्या पोराचा पाय रेषेच्या आत होता की बाहेर.